दोन नावांची बायको

"तुमच्यातही नावं बदलतात?"

असं ती मला म्हणाली. लीड्समधल्या तिच्या मोठ्या किचनमध्ये, संक्रांतीच्या दिवशी. बाहेरच्या खोलीत हळदीकुंकवाला आलेल्या बायका बसल्या होत्या. मी हळदीकुंकवाला नव्हते. मी गुळाच्या पोळ्यांना होते.

माझ्या हातात एक कागद होता. तिने तो हातात घेतला नाही. मी धरून ठेवला आणि तिने लांबूनच वाचला. मग हसली. म्हणाली, "मला वाटायचं ही पद्धत आमच्यातलीच. तुम्ही पण आमचं सगळं उचललंत की गं."

मी तिला आयुष्यभर बाईसाहेब म्हणत आले. तोंडावर आणि पाठीमागेही. इथे लिहिताना मी तिला ती म्हणणार आहे. हे कागद माझे आहेत.

त्यावर मी खाली बघितलं, पोळी उलटली. पण ते वाक्य माझ्या अंगात राहिलं. अजून आहे.

आता तो कागद कसला होता, ते सांगते.

माझे यजमान माझ्यापेक्षा बरेच मोठे. इथल्या एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात त्यांनी सारी उमर काढली. मग पेन्शन सुरू झाली. त्या वेळी असा नियम होता की पेन्शनवाल्या माणसाची बायको कमावती नसेल, तर तिच्यासाठी त्याच्या पेन्शनमध्ये थोडी वाढ मिळे. आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही मागितली नव्हती. शेजारच्या गुजराती बेननी सांगितलं तेव्हा कळलं, आणि त्याच तोंडाने त्यांनी हेही सांगितलं की सरकार ही वाढ बंद करतंय. एप्रिलच्या सुरुवातीला नव्या अर्जांचं दार बंद. त्याआधी ज्यांनी मागितली, त्यांना पुढे काही वर्षं मिळत राहील. ज्यांनी मागितली नाही, त्यांना कधीच नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही वरच्या खोलीचं हीटिंग बंद ठेवलं होतं. यांची छाती वाजत होती. आम्हाला मूलबाळ नाही. ती वाढ आम्हाला हवी होती. त्यात लाजण्यासारखं काय आहे, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

यांनी फॉर्म भरला. बेननी मदत केली. अडलं ते एका ठिकाणी. मी यांची बायको आहे याचा पुरावा.

माझी नावं दोन. माहेरचं एक. लग्नात सासूने ते बदललं, कारण थोरल्या जावेचं नाव तेच होतं. एका घरात एका नावाच्या दोन सुना नकोत. ताटात तांदूळ पसरले आणि यांनी त्यात बोटाने माझं नवं नाव लिहिलं. अंगठी नव्हती, म्हणून बोटाने. ग्रामपंचायतीने लग्नाचा दाखला दिला, तो माझ्या शाळेच्या दाखल्यावरून, म्हणजे जुन्या नावाने. पासपोर्ट निघाला नव्या नावाने. दोन्ही नावं माझीच असल्याचा एक कोर्टाचा कागद होता. तो पासपोर्ट काढून देणाऱ्या माणसाकडेच राहिला, आणि तो माणूसही कुठे राहिला नाही. पेन्शन ऑफिसने फोनवर सांगितलं, की दोन्ही नावांनी तुम्हाला ओळखणारं कुणी प्रतिष्ठित माणूस असेल, तर त्याचं पत्र आणा.

दोन्ही नावांनी मला ओळखणारं या देशात एकच माणूस होतं. ती.

ती आमच्या गावची. तिचं घर वर, आमची वस्ती खाली, नाल्यापलीकडे. माझी आई तिच्या घरचा गोठा काढायची. मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात आई अंथरुणाला खिळली. तिच्या घरून निरोप आला, की आईऐवजी पोरीला पाठवा. त्यानंतर मी शाळेत गेले नाही. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. ती सायकलवर शाळेला निघायची आणि जाताना माझ्या नावाचा शेवट मोडून हाक मारायची, "ए, फाटक उघड!" मी शेणाच्या हातांनी फाटक उघडायची.

पुढे ती डॉक्टरच्या घरी पडली आणि इथे आली. यांना धुलाईघरात लावलं ते तिच्या नवऱ्यानेच. एक शब्द टाकला होता त्यांनी. त्या एका शब्दाखाली आम्ही इतकी वर्षं वाकून होतो. तिच्याकडे काही कार्य असलं की फोन यायचा, "तुम्ही दोघं या हं. तू जरा सकाळीच ये." बाकीच्यांना बोलावणं संध्याकाळचं. मला सकाळचं. पैसे कधी दिले नाहीत. पैसे दिले तर ते काम झालं असतं. ती त्याला आपलेपणा म्हणायची. आणि इतक्या वर्षांत, चार लोकांत, सगळ्या लीड्समध्ये मला माझ्या जुन्या नावाने, तसाच शेवट मोडून, हाक मारणारी ती एकटीच होती.

म्हणून संक्रांतीला मी दोन्ही नावं लिहिलेला तो कागद घेऊन तिच्याकडे गेले. मला वाटलं, चार ओळी तर लिहायच्या.

ती म्हणाली, "बघू. घाई काय आहे?"

मी म्हटलं, "एप्रिलमध्ये बंद होतंय, बाईसाहेब."

"एप्रिल लांब आहे गं. आणि हे बघ, माझ्या पत्राशिवाय फॉर्म पाठवू नका. अर्धवट पाठवलात तर कायमचा नाकारतात ते लोक. आधी पत्र, मग फॉर्म."

हे तिने यांनाही फोन करून सांगितलं. यांनी फॉर्म सही करून कपाटात ठेवून दिला. बाईसाहेब शिकलेल्या. त्यांना ठाऊक असणार.

जानेवारी गेला. फेब्रुवारीत मी दोनदा गेले. एकदा तिच्या भिशीला वडे तळले, एकदा तिच्या नणंदेच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. दोन्ही वेळा पत्राचं विचारलं. पहिल्यांदा म्हणाली, विसरले. दुसऱ्यांदा म्हणाली, "माझं नाव सरकारी कागदावर जाणार. उद्या काही निघालं तर? तू चार घरी पोळ्या करतेस, ते मी लपवलं असं होईल."

चार घरी नाही. तिच्याच घरी. आणि फुकट. ती पैसे देत नव्हती म्हणूनच मी कमावती नव्हते, आणि मी कमावती नव्हते म्हणून सरकारच्या भाषेत मी डिपेंडंट होते. म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारी. मी घरी येताना बसमध्ये हे मनात जुळवत होते आणि जुळल्यावर मला इतका राग आला, की माझा स्टॉप गेला.

तरी मी परत गेले. हेही लिहिते. "पाडव्याचं होऊ दे, मग नक्की," असं ती म्हणाली होती.

पाडव्यानंतरच्या शनिवारी तिच्याकडे मोठं जेवण होतं. शहरातले सगळे मराठी लोक. कॉम्प्युटरवाले, हॉस्पिटलवाले, नवीन लग्न झालेली जोडपी. मी सकाळपासून होते. यांना दारात उभं केलं होतं, येणाऱ्यांचे कोट घ्यायला. सत्तरीला आलेला माणूस, छाती भरलेली, दोन्ही हातांवर परक्यांचे कोट.

मी पुऱ्या तळत होते. बाहेरून हाक आली. तीच, शेवट मोडलेली.

"ये गं बाहेर! सगळे थांबलेत."

हात पुसत बाहेर आले. सगळे गोल बसले होते. नव्या मुलींचे उखाणे चालले होते. हसणं, टाळ्या. मला बघून ती उठली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो. जड होता.

"आता हिचा नंबर," ती म्हणाली. "अरे, हिची मोठी गंमत आहे. हिला पेन्शनवाल्यांना दाखवायचंय की ही यांची बायको आहे. लग्नाच्या दाखल्यावर नाव एक, पासपोर्टवर दुसरं. आता सांगा, खरी बायको कुठली?"

हशा.

एक टाय लावलेला गृहस्थ दाराकडे वळून ओरडला, "काय काका, दोघी दोघी? छुपे रुस्तम निघालात तुम्ही!"

हे हसले. माझे यजमान. कोट सावरत हसले. त्यांना दुसरं काय करावं ते सुचलं नसेल. पण हसले.

"घे नाव," ती म्हणाली. "चांगला उखाणा घेतलास तर उद्याच पत्र देते लिहून. एवढे साक्षीदार आहेत!"

कुणीतरी मोबाईल वर धरला. एक लहानशी नवी नवरी हळूच म्हणाली, "राहू दे ना, काकू लाजतायत."

"लाजायला काय झालं?" ती म्हणाली. "सरकारकडे बेनिफिट मागायला नाही वाटत ती लाज!"

यावर हशा जरा कमी झाला. पण झाला.

मी लाजाळू आहे. लहानपणापासून. चार माणसांत मला बोलता येत नाही. पण उखाणा मला येत होता. दोन ओळी होत्या डोक्यात, जुळलेल्या. म्हटला असता, टाळ्या पडल्या असत्या, पत्र मिळालं असतं. मी तोंड उघडलंही.

मग मला दिसलं, की मी नाव घेतलं तर यांचं नाव ही माणसं मिठाईसारखं वाटून खातील. मी तोंड मिटलं. परत उघडलं.

"मी नाव घेणार नाही."

आवाज लहान होता. कुणाला नीट ऐकूच गेला नाही. ती म्हणाली, "काय?"

"घेणार नाही. तुम्ही मला ओळखता. लिहायचं तर लिहा. तमाशा नको."

 तिचा हात माझ्या खांद्यावरून गेला. तिचा चेहरा गावातल्यासारखा झाला. इतकी वर्षं इंग्लंडमध्ये काढून तिने तो चेहरा कुठे ठेवला होता कोण जाणे, एका क्षणात बाहेर आला.

"मी काय लिहू?" ती म्हणाली. "मी कुठे आले होते तुझ्या लग्नाला? आम्ही काय तुमच्या वस्तीत येणार होतो?"

"बोलावलं होतं," मी म्हटलं. "माझ्या आईने. तुमच्या अंगणात उभी राहून. तुम्ही झोपाळ्यावर होता."

टायवाला गृहस्थ म्हणाला, "जाऊ द्या हो, सणाचं जेवण आहे. आणि इथे आपल्यात असलं जातबीत कुणी मानतं का?"

  मी किचनमध्ये गेले. तेल तापलं होतं. गॅस बंद केला. एप्रन काढला. बाहेर येऊन यांच्या हातावरच्या ढिगातून माझा कोट शोधून काढला.

ती मागून आली. दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, पुऱ्या? पीठ तसंच आहे."

"तुम्ही तळा."

एवढंच बोलले. बाहेर पडले. हे आले नाहीत माझ्याबरोबर. बस बराच वेळ आली नाही. मी स्टॉपवरच्या बाकाची कड धरून बसले. मला मोकळं वगैरे काही वाटत नव्हतं. भीती वाटत होती. आता काय होईल, एवढंच.

हे रात्री आले. हातात प्लास्टिकचा डबा. तिने दिलेलं श्रीखंड.

"बाईसाहेबांना फार वाईट वाटलंय," हे म्हणाले.

मी डबा उघडला आणि श्रीखंड कचऱ्याच्या पिशवीत ओतलं. डबा धुतला नाही. तोही टाकला. हे बघत राहिले.

"त्यांनी आपल्याला पोटाला लावलं, अगं."

"कपडे तुम्ही धुतलेत. तीस वर्षं."

"उद्या जाऊन माफी मागतो. त्या देतील पत्र. मनाच्या वाईट नाहीत."

"जा," मी म्हटलं. "पण तुमच्यासाठी मागा. माझ्यासाठी मागायची नाही. मागितलीत तर मी ह्या घरात राहणार नाही. मग फॉर्म भरायला बायकोच उरणार नाही."

यांच्याशी असं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. ते रात्रभर खोकत होते. मी उठून पाणी दिलं.

सकाळी ते गेले नाहीत. मात्र फोन लावला. मी जिन्यात उभी राहून ऐकला. ती म्हणाली असणार, कारण हे तेच परत म्हणत होते: "हो बाईसाहेब. ईस्टरनंतर. हो, ईस्टरनंतर चालेल."

ईस्टरनंतर चालणार नव्हतं. मी बेनकडे गेले, त्यांनी कॅलेंडर बघितलं. मुदत ईस्टरच्या सुट्टीतच संपत होती. शुक्रवार ते सोमवार ऑफिस बंद, आणि दार उघडेपर्यंत सगळं संपलेलं. हे तिला ठाऊक होतं की नव्हतं, ते मला आजही माहीत नाही. मी विचार करणं सोडलंय. ठाऊक असेल तर ती दुष्ट. ठाऊक नसेल तर आमची मुदत बघण्याएवढीही आमची किंमत नव्हती. माझ्या लेखी दोन्ही सारखंच.

सुट्टीआधीच्या गुरुवारी मी कपाटातून फॉर्म काढला. सही यांची होतीच. हे म्हणाले, "पत्राशिवाय? नाकारतील."

"तिच्या तोंडून नाकारून घेण्यापेक्षा त्यांच्या तोंडून घेते."

एकटी गेले. ऑफिसात रांग होती, सुट्टीची घाई. काचेमागे एक थकलेली गोरी बाई होती, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. मला बघून म्हणाली, "यू ऑलराइट, लव्ह?" इथे सगळ्यांना लव्ह म्हणतात, त्यात काही नसतं. मी फॉर्म सरकवला. रात्री पाठ केलेलं इंग्रजी सगळं उडालं. एवढंच निघालं, "टुडे. प्लीज, टुडे."

काचेमागच्या बाईने पानं उलटली. पुराव्याच्या जागी बोट ठेवलं. मी मान हलवली, नाही. मला वाटलं, आता परत देईल.

गोरी बाई म्हणाली, हे चालेल. आज तारीख पडणं महत्त्वाचं. पुरावा मागाहून पाठवा. आणि शिक्का मारला.

एवढंच होतं. एक शिक्का. जानेवारीतही पडला असता. "आधी पत्र, मग फॉर्म" हा नियम कुठेच नव्हता. त्या मोठ्या किचनमधल्या तिच्या तोंडात होता. पुढे असंही कळलं, की आधीच्या काळासाठी मागाहून अर्ज करायलाही थोडी सवलत होती. आम्हाला गोष्टी नेहमी पुढेच कळतात. मला काउंटरवर रडू आलं नाही. त्या वड्यांच्या आणि पोळ्यांच्या वाफेचा, त्या तेलाचा वास मात्र नाकात आला.

काही आठवड्यांनी पत्र आलं. अर्ज वेळेत मिळाला, पण पुरावा पुरेसा नाही. पुन्हा तेच, प्रतिष्ठित माणसाची साक्ष आणा.

यांनी ते पत्र माझ्यापुढे ठेवलं. 

मी एक कोरा कागद घेतला आणि मराठीत लिहिलं. चौथीचं अक्षर, मोठं आणि वाकडं. लिहिलं की ही दोन्ही नावं माझी आहेत. एक आईने ठेवलं, एक सासूने. दोन्ही वेळा मला कुणी विचारलं नाही. या माणसाशी माझं लग्न झालं तेव्हा सगळी वस्ती हजर होती. त्यातले पुष्कळ मेले. जे आहेत ते तुमच्या हिशेबात प्रतिष्ठित नसतील. मला ओळखणारं एक मोठं माणूस या शहरात आहे, पण मी त्याच्याकडे जाणार नाही. मी कोण आहे हे मीच सांगते. खोटं निघालं तर मला पकडा. खाली दोन्ही नावांनी सही केली.

ती दोन नावं मी इथे लिहीत नाही. ज्याला हवी असतील त्याने मला अहोजाहो करून विचारावीत.

त्यांनी त्याचं भाषांतर करून घेतलं म्हणे. आणखी पत्रं आली, आणखी पत्रं गेली. शेवटी वाढ मिळाली. काही वर्षं मिळाली आणि मग ठरल्याप्रमाणे सगळ्यांचीच बंद झाली. तोवर हे खूप थकले होते. त्यानंतर फार जगले नाहीत. शेवटी शेवटी एकदा म्हणाले, "त्या दिवशी मी हसायला नको होतं." मी म्हटलं, "नको होतं." खोटी समजूत घातली नाही. ते समजले.

तिच्याकडे मी त्यानंतर गेले नाही. इथले मराठी लोक म्हणत राहिले, अगं, किती धरून बसशील, आता सगळे म्हातारे झालात. ज्यांच्या तोंडून ते आलं, त्यातले निम्मे त्या दिवशी खोलीत होते. हसले होते.

गेल्या महिन्यात मंडईत तिचा मुलगा भेटला. इथेच जन्मलेला. माझी पिशवी हातात घेतली. चांगला आहे.

"आंटी, मम्मी खूप सिक आहे," तो म्हणाला. "ती तुझा आठवण काढते. तू येशील का? तिला तुझ्या हातचा पिठलं पाहिजे."

तो मला तू म्हणाला, कारण त्याला तुम्ही कसं जोडायचं ते येत नाही. त्याचा मला राग नाही आला. त्याच्या आईला येत होतं.

"तिला सांग," मी म्हटलं, "आधी लिहून दे."

"काय लिहून? रेसिपी?"

"तिला माहीत आहे."

"आंटी, शी'ज रिअली इल."

"म्हणून सांगतेय. लवकर सांग."

तो गोंधळून गेला. निरोप त्याने दिला असणार, कारण दुसऱ्या दिवशी फोन वाजला. पलीकडे श्वास होता, म्हाताऱ्या माणसाचा.  मग ती हाक. तीच, शेवट मोडलेली.

मी फोन ठेवला.

आता मला त्या पत्राची गरज नाही. वाढ गेली, हे गेले, ऑफिसला माझ्याकडून काही नको आहे. पण ते पत्र तिच्याकडे माझं येणं आहे आणि मी ते सोडलेलं नाही. तिने बसून, तिच्या हाताने लिहावं, की मी हिला ओळखते, हिचं लग्न झालं, हिच्या आईने आम्हाला बोलावलं होतं आणि आम्ही गेलो नाही. खाली सही करावी. मग मी जाईन आणि पिठलं करीन.

नाही लिहिलं तर ती तशीच मरेल आणि मी तशीच मरेन. मला चालेल.